पसंतीक्रम लिहिण्यापूर्वी

‘नीट’चा निकाल लागून राज्याची गुणवत्ता यादी प्रसिद्ध झाली, की महाराष्ट्रातल्या हजारो घरांत एकच खटपट सुरू होते, ती म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयांचा पसंतीक्रम कसा भरावा याची. ज्या मुलीने दोन वर्षे, आणि ‘ड्रॉप’ घेतला असल्यास तीन वर्षे, लातूर-नांदेडच्या शिकवणीवर्गांत सणवार न पाहता अभ्यास केला, तिच्या आयुष्याची पुढची साडेपाच वर्षे कोठे जातील हे ठरविणारा हा दस्तऐवज बहुधा दोन-तीन रात्रींत, नातेवाइकांच्या ऐकीव माहितीवर, समुपदेशक म्हणविणाऱ्या मध्यस्थांच्या सल्ल्यावर आणि गतवर्षीच्या कट-ऑफच्या तक्त्यावर विसंबून तयार होतो व मुदत संपता संपता रवाना होतो. या सदराकडे दरसाल याच दिवसांत पालकांची पत्रे येतात, आणि त्यांतला प्रश्न ठरलेला असतो: ‘अमुक गुणांना कोणते कॉलेज लागेल?’ कोणते महाविद्यालय चांगले असे क्वचित कोणी विचारते. आणि ते कशामुळे चांगले, याची पृच्छा तर जवळजवळ होतच नाही.

कट-ऑफ म्हणजे त्या महाविद्यालयात त्या प्रवर्गातून प्रवेश मिळालेल्या शेवटच्या उमेदवाराचे गुण. त्यावरून गतवर्षीच्या विद्यार्थ्यांना ते महाविद्यालय किती हवेसे वाटले एवढे कळते. आणि त्यांना ते हवेसे का वाटले याचा माग काढू गेल्यास, त्याच्या आदल्या वर्षीचा कट-ऑफ उंच होता, हेच उत्तर पुष्कळदा हाती येते. यादीच्या शिरोभागी असलेल्या संस्थांमागे खरे कर्तृत्व आहे, हे मी आदरपूर्वक नमूद करतो. भायखळ्याचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ मध्ये सुरू झाले, आणि भाऊ दाजी लाड यांच्यासारखा पुरुष त्याच्या पहिल्याच तुकडीतून बाहेर पडला. परळचे सेठ जी. एस. महाविद्यालय १९२६ मध्ये निघाले, तेव्हा देणगी देणाऱ्या विश्वस्तांनी तेथील अध्यापक भारतीयच असले पाहिजेत अशी अट घातली, आणि त्या अटीने या प्रांतातल्या वैद्यकीय अध्यापनाला स्वाभिमानाची बैठक मिळवून दिली. परंतु ही पुण्याई तक्त्यातल्या आकड्यात उतरत नाही, आणि नुसत्या आकड्यावरून निवड करणाऱ्याला ती कळतही नाही.

पसंतीक्रमाच्या यंत्रणेविषयी एक गैरसमज इतका पसरला आहे की तो आधी दूर केलेला बरा. कित्येक पालक असे समजतात, की जे महाविद्यालय मिळण्याची शक्यता कमी ते वर लिहिले तर एक पसंती वाया जाते आणि खालच्या जागेवरचा आपला हक्क दुबळा होतो. म्हणून ते मनातले नाव खाली ढकलून ‘लागण्यासारखे’ नाव वर घालतात. वस्तुस्थिती अशी, की संगणक गुणवत्ता क्रमाने एकेक उमेदवार घेतो, त्याची यादी वरून वाचत येतो, आणि त्याच्या प्रवर्गात शिल्लक असलेली पहिली जागा त्याला देतो. तुमच्या मागच्या क्रमांकाच्या उमेदवाराने तीच संस्था पहिल्या पसंतीवर लिहिली, एवढ्याने तो तुमच्या पुढे जात नाही. तेव्हा अप्राप्य वाटणारी दहा नावे वर लिहिली तरी अकराव्या नावावरचा अधिकार तसूभरही कमी होत नाही, आणि जे खरोखर मनात आहे तेच प्रामाणिकपणे वरून खाली लिहीत जाणे हाच येथे शहाणपणाचा मार्ग आहे. खबरदारी घ्यावयाची ती उलट टोकाला: जेथे जावयाचे नाही ते नाव यादी लांबविण्यासाठी घालू नये, कारण मिळालेली जागा नाकारल्यास पुढच्या फेऱ्यांतून बाद होण्याचे नियम असतात, आणि ते दरसालच्या माहितीपुस्तिकेत नव्याने वाचावे लागतात.

आता मुख्य मुद्दा. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना १९९८ मध्ये झाली. तेव्हापासून अभिमत विद्यापीठे आणि काही मोजक्या संस्था सोडल्या, तर राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांची परीक्षा एक आणि पदवीही एकच आहे. पाठ्यपुस्तके तीच आणि व्याख्यानांचे विषयही तेच. मग मुंबईचे महाविद्यालय आणि अंबाजोगाईचे महाविद्यालय यांत फरक करावयाचा तो कशाने? माझ्या मते त्याच्या रुग्णालयाने. त्या रुग्णालयात कोण येतो, किती येतात, कोणत्या अवस्थेत येतात, आणि त्यांच्या खाटेपाशी उभे राहून विद्यार्थ्याला शिकविणारे कोणी आहे की नाही, या गोष्टींवरून वैद्य घडतो. म्हणून पसंतीक्रम लिहिण्यापूर्वी महाविद्यालयाची इमारत पाहण्यास न जाता त्याचे रुग्णालय पाहण्यास जावे, आणि तेही सकाळी नऊच्या सुमारास, केसपेपरच्या खिडकीपाशी.

मराठवाड्यातल्या एका शासकीय रुग्णालयात मी असाच एका सकाळी उभा होतो. खिडकीपासून निघालेली रांग पोर्च ओलांडून बाहेरच्या कडुलिंबापर्यंत गेली होती. हातात पिशवी आणि पिशवीत जुने केसपेपर, एक्स-रेचा गुंडाळलेला कागद, अशी माणसे पहाटेच्या एसटीने येऊन बसली होती. नंतर स्त्रियांच्या मेडिसिन वॉर्डात राऊंड चालला होता. प्राध्यापक बाईंनी एका विद्यार्थ्याला रुग्णेची प्लीहा तपासण्यास सांगितले. तो हात पुढे करणार तोच त्यांनी त्याला थांबविले, तळहात एकमेकांवर घासून ऊन करावयास लावले, शेजारी स्टुलावर बसविले, आणि म्हणाल्या, ‘आधी विचार, मावशी कुठून आल्या, सोबत कोण आहे, सकाळपासून काही खाल्लं का.’ त्या वृद्धेने गावाचे नाव सांगितले, आणि रोजंदारी बुडते म्हणून महिनाभर ताप अंगावर काढल्याचेही सांगितले. मग त्याने पोटावर हात ठेवला. बाईंनी त्याच्या बोटांवर आपली बोटे टेकून, श्वास आत घेताना प्लीहेची कडा बोटाला कशी येऊन भिडते हे त्याला जाणवून दिले. त्या सकाळी त्या मुलाला जे मिळाले ते कोणत्याही तक्त्यात नोंदलेले नसते. आणि माझ्या लेखी वैद्यकीय शिक्षण म्हणतात ते हेच.

अशा दृष्टीने पाहू लागले म्हणजे रूढ क्रम बराच हलतो. मुंबई, पुणे, नागपूर येथील जुन्या महाविद्यालयांत एका वर्गात अडीचशेपर्यंत विद्यार्थी घेतले जातात. तेथे दुर्मीळ आजार दिसतात, प्रत्येक शाखेचे ज्येष्ठ तज्ज्ञ असतात, पदव्युत्तर निवासी डॉक्टरांची फौज असते. मात्र त्याच फौजेमुळे एमबीबीएसचा विद्यार्थी खाटेपासून तिसऱ्या-चौथ्या रांगेत उभा राहतो, आणि जखम शिवण्याची किंवा प्रसूती करण्याची पाळी त्याच्यावर उशिरा येते. उलट मिरज, सोलापूर, अंबाजोगाई यांसारख्या ठिकाणी, जेथे महाविद्यालयाला पन्नास-साठ वर्षांची परंपरा आहे आणि चार-पाच तालुक्यांचा, कधी शेजारच्या राज्याचाही, रुग्ण अन्य आसरा नसल्यामुळे तेथेच येतो, तेथील आंतरवासिता करणारी मुले कामाला धीट आणि हाताने तरबेज झालेली मी पाहिली आहेत. गेल्या दहाएक वर्षांत गोंदिया, चंद्रपूर, जळगाव, नंदुरबार, सिंधुदुर्ग, अलिबाग, परभणी येथे आणि २०२४ मध्ये एकदम दहा ठिकाणी नवी शासकीय महाविद्यालये निघाली. त्यांची वर्गसंख्या बहुधा शंभर. रुग्ण जिल्हा रुग्णालयाचे, म्हणजे भरपूर. तेथे उणीव असते ती अध्यापकांची आणि वसतिगृहांची. म्हणून तेथील चौकशी वेगळी असावी: मंजूर पदांपैकी भरलेली किती, प्राध्यापक त्या गावात राहतात की आठवड्यातून दोन दिवस हजेरी लावून परततात, शवविच्छेदनासाठी देहदानातून पुरेसे देह मिळतात का, आणि मुलींच्या वसतिगृहापासून प्रसूतिकक्षापर्यंतचा रस्ता रात्री दोन वाजता उजेडात असतो का. ही माहिती द्वितीय किंवा तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून अर्ध्या तासात कळते. कार्यालयात विचारू नये.

खासगी आणि अभिमत संस्थांबद्दल थोडक्यात लिहितो. कित्येक अभिमत विद्यापीठांत वर्षाचे शुल्क वीस लाखांच्या वर गेले आहे. जमीन गहाण ठेवून ते भरणाऱ्या बापाने निदान एवढे पाहावे, की त्या संस्थेच्या रुग्णालयात तपासणीचा दिवस नसतानाही खाटा भरलेल्या असतात काय. महाविद्यालयांच्या तपासणीतील लाचखोरीबद्दल केंद्रीय अन्वेषण विभागाने २०२५ मध्ये देशव्यापी गुन्हा नोंदविला. तेव्हा कागदावर मान्यता आहे एवढा हवाला पुरेसा मानण्याचे दिवस गेले. परदेशी जाणाऱ्यांना सांगणे असे, की रशिया, जॉर्जिया किंवा कझाकस्तानची पदवी घेऊन परतल्यावर द्यावयाच्या परीक्षेत उत्तीर्णांपेक्षा अनुत्तीर्णांची संख्या बहुतेक वेळा कितीतरी मोठी असते, आणि तिकडच्या रुग्णाशी त्याच्या भाषेत बोलता येत नसेल तर राऊंडला उभे राहूनही हाती काही लागत नाही.

विद्यार्थ्यांकडून एक आक्षेप येतो आणि तो मी गंभीरपणे घेतो. ते म्हणतात, पुढे पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची आहे. ती वॉर्डात घालविलेल्या तासांनी सुटत नाही, ती क्लासने आणि वाचनालयाने सुटते. मग गर्दीचे रुग्णालय आम्हांला काय कामाचे? आंतरवासितेचे अखेरचे वर्ष, ज्यात विद्यार्थी खऱ्या अर्थाने प्रथमच डॉक्टर होतो, ते अनेक जण याच हिशेबाने पुस्तकांच्या ढिगाआड काढतात. परीक्षेची ही रचना सदोष आहे आणि तिचा दोष मुलांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तथापि त्या परीक्षेत यश येवो वा न येवो, शासकीय महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्याला एका वर्षाची बंधपत्रित सेवा करावयाची असते. आणि त्या वर्षी एखाद्या आडगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, रात्री, अडलेली बाळंतीण समोर असताना, चार पर्यायांपैकी एक निवडण्याचा सराव तिच्या उपयोगी पडत नाही. महाड तालुक्यात बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशाने दगावणारी माणसे जवळून पाहिली, रात्र रात्र त्यांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या, आणि प्राझोसिन या औषधाने ती वाचविता येतात हे जगाला दाखविले. ते नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. हेमलकशाला गेलेले डॉ. प्रकाश आमटे तेथलेच. गडचिरोलीत नवजात अर्भकांचे मृत्यू रोखण्याची घरगुती पद्धत सिद्ध करणारे डॉ. अभय बंग हेही तेथलेच. एका महाविद्यालयाने एवढी माणसे घडविली असा दावा मी करीत नाही. त्यांच्या घरच्या संस्कारांचा वाटा मोठाच आहे. परंतु विदर्भातला दरिद्री रुग्ण ज्या वॉर्डांत येऊन पडतो, तेथे तारुण्याची वर्षे काढल्याचा काहीच परिणाम झाला नसेल, हे मला पटत नाही.

याच संदर्भात सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे नाव घेतले पाहिजे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये स्थापिलेल्या या संस्थेत प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेते, प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपविली जातात, आणि तो शिक्षणकाळात त्यांच्या घरी जात राहतो. पुढे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने कुटुंब दत्तक योजना सर्वच महाविद्यालयांना लागू केली. सेवाग्रामने ते कित्येक दशके आधी केले होते. खादीचा व शाकाहाराचा नियम ज्यांना मानवत नाही त्यांनी तेथे जाऊ नये. ज्यांना मानवतो, त्यांनी हे नाव यादीत किती वर लिहावे, याचा विचार कट-ऑफकडे न पाहता करावा.

निवडीची कारणे सांगता येणे हीच निवडीची कसोटी आहे, आणि याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. १८८३ मध्ये सतरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या महाविद्यालयात भरसभेत उभे राहून, आपण अमेरिकेसच का जातो, हिंदुस्थानात सोय नाही काय, एकट्याच का जातो, अशा एकेका प्रश्नाचे जाहीर उत्तर दिले. स्त्रियांना वैद्यक शिकण्याची सोय मद्रासेत होती, ती त्यांनी नजरेआड केली नाही. ती सांगून, आणि देशातील परिस्थितीत स्त्रीला शिकणे किती कठीण आहे हेही सांगून, त्यांनी फिलाडेल्फियाचे स्त्रियांचे महाविद्यालय निवडले. तेथील थंडी आणि परके अन्न त्यांच्या प्रकृतीला सोसले नाही, १८८६ मध्ये पदवी घेऊन परतलेली ती तरुणी वर्षभरही जगली नाही. म्हणून मी पालकांना म्हणतो, की मेसचे जेवण, गावचे पाणी, घरापासूनचे अंतर या गोष्टी क्षुल्लक समजू नका; त्या यादीत धरा, पण कारणे म्हणून धरा, आणि यादीतल्या प्रत्येक नावापुढे मुलाला किंवा मुलीला एका वाक्यात कारण लिहावयास लावा. ‘गेल्या वर्षी इतक्याला बंद झाले’ हे कारण धरू नये.

हे सर्व पालकांनी गावोगाव फिरून शोधावे, ही अपेक्षा मात्र शेतमजुराच्या मुलीच्या बाबतीत अन्यायाची आहे. तिच्याजवळ सहा जिल्ह्यांची रुग्णालये पाहून येण्याइतके गाडीभाडे नसते. महाविद्यालयांचा हा तपशील शासनाच्या आणि आयोगाच्या दफ्तरी आधीपासून जमा असतो. बाह्यरुग्ण विभागात रोज येणारे रुग्ण, भरलेल्या खाटा, महिन्याच्या प्रसूती, मंजूर व भरलेली अध्यापकपदे आणि वसतिगृहातील जागा, एवढे पाच आकडे राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाने पुढील सालच्या माहितीपुस्तिकेत प्रत्येक महाविद्यालयाच्या नावासमोर, कट-ऑफच्या शेजारी, छापावेत, आणि ते तपासून त्यांखाली सही करण्याची जबाबदारी अधिष्ठात्यांवर टाकावी.