विश्लेषण : सोळाव्या वर्षी मताधिकार का नको?

ब्रिटनमधील सर्व निवडणुकांसाठी मतदानाचे किमान वय १८ वरून १६ करण्याचा निर्णय तेथील सरकारने जुलै २०२५ मध्ये जाहीर केला. ऑस्ट्रियाने हे पाऊल २००७ मध्येच उचलले. स्कॉटलंडच्या २०१४ च्या सार्वमतातही सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी मतदान केले.

आक्षेप एकच : या वयात राजकीय समज कुठून येणार? पण समजेची परीक्षा प्रौढांचीही घेतली जात नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भारतातील बहुसंख्य मतदार निरक्षर होते; तरीही राज्यघटनेने साक्षरतेची अट घातली नाही. पुढे ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ मध्ये मतदानाचे वय २१ वरून १८ झाले.

शिक्षण, रोजगार, हवामान यांविषयीच्या आजच्या निर्णयांची झळ सर्वाधिक काळ याच मुलांना सोसायची आहे. त्यामुळे भारतातही ही चर्चा व्हायला हवी. तोवर निदान हाती आहे ते वापरावे. २०२२ पासून सतराव्या वर्षीच मतदार नोंदणीसाठी आगाऊ अर्ज करता येतो. कनिष्ठ महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांची सतरा वर्षे पूर्ण होताच हा अर्ज भरून घेतला, तर अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर नाव यादीत येईल. यादीत नावच नसेल, तर वय कितीही खाली आणून उपयोग काय?