वादाची गाठ

दोन माणसे भांडताना दिसली, की आपण लगेच विचारतो, "कोणाचे बरोबर?" माझे म्हणणे असे, की हा प्रश्न दुसरा आहे, पहिला प्रश्न "भांडण नेमके कशावर?" हा होय. तो न विचारताच निवाडा देऊन मोकळे होण्याची जी खोड आपल्या घरांना, सभांना आणि वर्तमानपत्रांना जडली आहे, तिच्याविरुद्ध मला आज चार शब्द बोलायचे आहेत. दिवाळीच्या ताटात काही तिखटही लागतेच!

अमेरिकेत कायद्याचे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी १९४८ पासून एक प्रवेशपरीक्षा घेतली जाते. तिला एलसॅट म्हणतात. तिच्या तर्कविभागात आज एका मोठ्या मासलेवाईक जातीचे प्रश्न असतात. दोन माणसे दोन-दोन वाक्ये बोलतात; खाली पाच पर्याय. कोण खरा, हे कोणी विचारत नाही. विचारतात ते एवढेच, की या दोघांचा मतभेद कोणत्या विधानावर आहे? रीत सोपी आहे. प्रत्येक विधान आधी एकापुढे ठेवावे, मग दुसऱ्यापुढे. ज्याला एक "होय" म्हणेल आणि दुसरा "नाही" म्हणेल, ते उत्तर. ज्याविषयी दोघांपैकी एकाच्या बोलण्यावरून काहीच कळत नाही, ते विधान बाद.

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. सासूबाई म्हणतात, "घरचा फराळ विकतच्यापेक्षा चांगला लागतो, म्हणून तो घरीच करावा." सूनबाई म्हणते, "आठ दिवस एकटीने चकल्या तळत बसायचे, तर तिची दिवाळी कधी? यंदा विकतच आणू या." आता सांगा, वाद कशावर? घरचा फराळ चवदार असतो की नाही, यावर सून अवाक्षर बोललेली नाही. त्याला कष्ट पडतात की नाही, यावर सासूबाई बोललेल्या नाहीत. वाद आहे तो फराळ घरीच करावा की नाही, एवढ्यावर. पण होते काय? "म्हणजे माझ्या हातची चव तुला नको!" "म्हणजे माझे कष्ट तुम्हाला दिसतच नाहीत!" आणि कोणीच न उच्चारलेल्या दोन वाक्यांवर पाडव्यापर्यंत अबोला! गाठ सापडली असती, तर ती सुटलीही असती. सुनेची तक्रार 'एकटीने' या शब्दात होती; घरातल्या पुरुषांनी झारा हाती घेतला असता, तर चवही राहिली असती आणि दिवाळीही.

यावर काही शहाणे नाक मुरडतात. म्हणतात, "ही तर परीक्षेतली क्लृप्ती. आयुष्यात का कोणी पाच पर्याय छापून देतो?" देत नाही, म्हणूनच तर सराव हवा! दुसरे म्हणतात, "हे परदेशी खूळ." त्यांना आपल्याच घरातली तिजोरी ठाऊक नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेच्या तीन जाती सांगितल्या आहेत. सत्य शोधण्यासाठी करायचा तो वाद, जिंकण्यासाठी करायचा तो जल्प, आणि स्वतःचे काही न मांडता दुसऱ्याचे नुसते खोडायचे ती वितंडा. बोलणाऱ्याच्या मनात नसलेला अर्थ त्याच्या शब्दांवर लादणे, याला तिथे 'छल' असे नाव आहे. 'नवकंबल' म्हणजे नवी कांबळी पांघरलेला, त्यावर "याच्याकडे नऊ कांबळी कुठे आहेत?" असे विचारणे, हा छल. आणि आपण या ठेव्याचे काय केले? जल्प विसरलो, वितंडवाद तेवढा जपला, आणि 'वाद' म्हणजे भांडण असे ठरवून टाकले!

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. अशाने माणूस तळ्यात-मळ्यात करू लागेल. बाजू घेणारच नाही. हे मला मुळीच मान्य नाही. १८९१ चा संमतिवयाचा कायदा आठवा. मुलीच्या संमतीचे वय त्याने १० वरून १२ वर नेले. आगरकर कायद्याच्या बाजूचे, टिळक विरुद्ध. आजही पुष्कळजण झटकन सांगतात, की टिळकांना बालविवाह हवे होते. लावा कसोटी. "मुलींची लग्ने कोवळ्या वयात होऊ नयेत काय?" आगरकर होय म्हणतील. आणि टिळक? मुलीचे लग्न १६ वर्षांच्या आत करू नये, असे बंधन सुधारकांनी आधी स्वतःवर घालून घ्यावे, ही सूचना १८९० मध्ये त्यांनीच केली होती. त्यांनी शास्त्राचाही आधार घेतला, हे खरे, पण गाठ होती ती वेगळीच: "परक्या सरकारने कायदा करून हे थांबवावे काय?" येथे एक होय, एक नाही.

गाठ दिसली, की बाजू घेता येते. आणि मी ती आगरकरांची घेतो. समाज आपणहून शहाणा होईल तोवर थांबायला त्या १० वर्षांच्या मुलींना सवड नव्हती. पण हे मी टिळकांच्या खऱ्या मुद्द्याला उत्तर म्हणून म्हणू शकतो, त्यांच्या नावाने उभ्या केलेल्या बुजगावण्याला नव्हे.

आपल्या वादविवाद स्पर्धांत मुलांना टाळ्या मिळवायला शिकवतात. एखादा करंडक अशाही मुलाला द्यावा, जो प्रतिपक्षाचे म्हणणे इतके नेमके मांडील, की प्रतिपक्षानेच म्हणावे, "होय, मला हेच म्हणायचे होते."