रंगाखालची ओल

घर विकायचे ठरले की आपल्याकडे पहिले काम निघते ते रंगाचे. ओल धरलेल्या भिंतीचे पोपडे खरवडायचे, पुट्टी भरायची, डिस्टेंपरचे दोन हात मारायचे आणि गिऱ्हाईक उन्हाळ्यात आणायचे. पाऊस लागला की तीच ओल वर येते, तोवर खरेदीखत होऊन गेलेले असते. मग भिंतीला बुरशी येते आणि नव्या घरमालकाचा दम्याचा मुलगा आमच्या दवाखान्यात येतो. गच्चीची गळती आणि मोरीचा फुटका पाइप आधी, रंग नंतर, एवढे साधे आहे हे.

घेणारेही काही कमी नाहीत. सर्च रिपोर्ट, चतुःसीमा सारे बारकाईने तपासतात. हौदाचे झाकण मात्र कोणी उघडत नाही. जालन्यात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघरी जमिनीत हौद. त्याला तडा असला आणि चार हातांवर शोषखड्डा असला, तर पाण्यात काय झिरपत असेल? टायफॉइड आणि कावीळ याच वाटेने येतात. ‘ई’ प्रकारची कावीळ तर गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते. हौद भरून पातळीवर खूण करा, वापर बंद ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. पाणी उतरले असेल तर समजा, ज्या फटीतून ते बाहेर गेले तिच्यातूनच घाणही आत येऊ शकते.

जुन्या दाराखिडक्यांचा ऑइलपेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा लागू झाली ती २०१७ साली. त्याआधीच्या रंगाच्या धुळीतून शिसे लहान मुलांच्या पोटात जाते व मेंदूला इजा करते. पृष्ठभाग ओला करून घासा, मुलांना दूर ठेवा.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ सांगते की, वेगळा करार नसेल तर, विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला नेहमीच्या काळजीने न दिसणारा महत्त्वाचा दोष त्याने सांगितलाच पाहिजे. रंगाखाली दडवलेली ओल आणि तडकलेला हौद याच जातीचे दोष आहेत, असे माझे मत. वकील काय म्हणायचे ते म्हणोत.

ताबा मिळाल्यावर हौद उपसून भिंती ब्रशने खसखसून घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी कोरड्या भिंतीलाही कित्येक महिने चिकटून राहतात.