साधेपणा म्हणजे अपरिग्रह नव्हे



व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्यात १४४१ खोल्या आहेत. गाइडने त्यातली सम्राट फ्रान्झ जोसेफची झोपायची खोली दाखवली. आत साधी लोखंडी खाट. १९१६ मध्ये त्याने याच खोलीत प्राण सोडले. "किती साधा राजा!" बरोबरच्या बायका हळहळल्या.

मला मात्र ते पटलं नाही. खाट साधी होती, पण बाकीच्या खोल्यांवरचं 'माझं' कुठे सुटलं होतं?

मग स्वतःचंच आठवलं. मीही घरात सुती साडीच नेसते. कपाटात ठेवणीतल्या किती पडल्यात, ते मलाच ठाऊक नाही. साधं राहणं ही सवय असते. परिग्रह-परिमाण व्रताला मात्र आकडा ठरवावा लागतो. या पर्युषणात मी आधी कपाट मोजणार आहे. तुम्ही?