हौसेला मोल असतं

गेल्या आठवड्यात आमच्या टीममधला एक जण लंचला शेजारी येऊन बसला आणि मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाला, "हे बघ, असला टँक मला घरी करायचाय. तू तिकडे केला होतास ना?" टेबलावर मावेल एवढी काचेची चौकोनी टाकी, निळसर प्रकाश, पाण्यात डोलणारे जांभळे-हिरवे प्रवाळ आणि दोन नारिंगी क्लाउनफिश. "सुरुवातीला छोटाच करतो रे. चाळीसेक लिटरचा. जमलं तर मग मोठा."

मी म्हटलं, "नको करूस." त्याला वाटलं, मी भाव खातोय. पंधरा मिनिटांच्या लंचमध्ये सगळं सांगून होईना, म्हणून या शनिवारी हा विषय.

कंपनीने न्यू जर्सीला पाठवलं होतं तेव्हा दोन वर्षं माझ्याकडे असा टँक होता. दहा गॅलनचा, म्हणजे आपल्या हिशेबात ३८ लिटर. तेव्हा मीही हाच विचार केला होता की छोटी टाकी म्हणजे कमी खर्च, कमी काम. यातला 'कमी खर्च' थोडाफार खरा आहे. 'कमी काम' मात्र साफ चूक.

गणित सोपं आहे. ३८ लिटरच्या टाकीत खडक आणि वाळू घातली की पाणी उरतं साधारण ३२ लिटर. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार असतात, ते जपायचे. आता टाकीतलं पाणी उडून जातं, पण मीठ उडत नाही. शुक्रवार ते रविवार तुम्ही गावाला गेलात आणि रोज एक लिटर उडालं, तर उरलेल्या २९ लिटरमध्ये तेवढंच मीठ. म्हणजे ३५ चे साडेअडतीस झाले! चारशे लिटरच्या टाकीतून तेवढंच तीन लिटर पाणी गेलं असतं तर आकडा ३५.३ च्या पुढे गेला नसता. तापमानाचं तेच आणि एखादा मासा दगडामागे मरून पडला तर होणाऱ्या अमोनियाचंही तेच. मोठी टाकी तुमची चूक पोटात घालते, छोटी लगेच पदरात टाकते. नवशिक्याने छोट्यापासून सुरुवात करावी हा सल्ला वही-पेनाला ठीक आहे, समुद्राला नाही.

शिवाय हे काम अतिशय संथ. टाकीत पाणी भरलं, मासे सोडले, असं होत नाही. माशाच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो विषारी. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात (तेही विषारी) आणि दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी. ही जिवाणूंची वस्ती खडकावर आणि वाळूत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर तुमच्याकडे असतो एक महागडा, उजेड पडलेला, रिकामा काचेचा डबा. घरी आलेला प्रत्येक जण विचारतो, "मासे कुठायत?" आणि तुम्ही "येतील, येतील" म्हणता. आपल्या क्षेत्रातल्या माणसाला हे फार जड जातं. आपल्याला बटण दाबलं की बिल्ड व्हायला हवा असतो.

मीही बटणंच लावत बसलो. तापमान मोजायला सेन्सर, त्याला एक छोटा कॉम्प्युटर, दर पाच मिनिटाला नोंद, फोनवर आलेख, अर्ध्या अंशाचा फरक पडला की मेसेज. उडालेलं पाणी आपोआप भरायला एक पंप आणि पाण्यावर तरंगणारा फ्लोट. पाणी खाली गेलं की फ्लोट खाली येतो, पंप सुरू होतो, शेजारच्या दहा लिटरच्या कॅनमधून गोडं पाणी टाकीत येतं. फ्लोट वर आला की पंप बंद. ऑफिसात बसून मी आलेख बघायचो. एकदा तर मीटिंगमध्ये दाखवलासुद्धा.

एका सकाळी उठून हॉलमध्ये आलो आणि पाय ओल्या कार्पेटवर पडला. कॅन रिकामा होता. टाकी काठोकाठ भरून खाली सांडत होती. फ्लोटवर एक गोगलगाय बसली होती. शेवाळ खाण्यासाठी मीच आणलेली, माझीच गोगलगाय. तिच्या वजनाने फ्लोट खालीच राहिला आणि पंपाने इमानेइतबारे दहा लिटर गोडं पाणी ओतलं. क्षार ३५ वरून २६ वर आले होते. फोनवरचा आलेख बघितला, तर तो सरळ रेषेत! कारण मी तापमान मोजत होतो, क्षार मोजतच नव्हतो. जे मोजायला सोपं होतं तेवढंच मोजलं होतं.

इथपर्यंतची गोष्ट मी पार्टीत हसत सांगतो. पुढची सांगत नाही.

झिंगा मेलेलाच होता. अशा जिवांना क्षारांतला एवढा बदल झेपत नाही. प्रवाळ आखडून बसले होते. दोन्ही क्लाउनफिश मात्र पोहत होते. थोडे सुस्त, पण पोहत होते. माशांना क्षार कमी झालेले बऱ्यापैकी सोसतात. सोसत नाही ते क्षार झपाट्याने वाढणं. वाढवायचे तर एका दिवसात एक-दोन अंकच. हे मला माहीत होतं, वाचलेलं होतं. पण साडेनऊला कॉल होता आणि टाकी 'बिघडलेली' तशीच सोडून जाणं जमेना. खारट पाणी कालवून, जुनं काढून, नवं घालून दोन तासांत आकडा ३४ वर आणला. प्रॉडक्शनमध्ये घाईघाईने पॅच टाकतात तसा. कॉलला बसलो तेव्हा बरं वाटत होतं. संध्याकाळी दोघांतला मोठा मासा वाळूवर आडवा पडलेला होता.

त्या माशाला गोगलगायीने मारलं नाही, मी मारलं. काहीही न करता थांबलो असतो, तर तो बहुतेक जगला असता. टाकीतला क्लाउनफिश नीट सांभाळला तर वीस वर्षंही जगतो. माझा दीड वर्षाचा होता. क्लाउनफिश सगळे नर म्हणून जन्मतात, जोडीतला मोठा मादी होतो. मेली ती मादी होती. मग राहिलेला हळूहळू मादी होऊ लागतो. मी कार्पेट वाळवत होतो तेव्हा त्या बिचाऱ्याच्या अंगात हे सगळं सुरू झालेलं असणार.

असो.

आता दुसरा मुद्दा, जो व्हिडिओत कधीच नसतो. हे जीव येतात कुठून? गोड्या पाण्यातले शोभेचे मासे, गप्पी, मोली, एंजल वगैरे, बहुतेक शेतीत पैदा झालेले असतात. खाऱ्या पाण्यातले बहुतेक समुद्रातून पकडलेले. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून पाण्यात सायनाइड फवारून मासे गुंगवून धरायची पद्धत पडली. त्यात मासा दुकानापर्यंत जगला तरी मागचे प्रवाळ मरतात. 'फाइंडिंग निमो' मुळे माहीत झालेला निळा टँग घ्या. तो बंदिस्त जागेत पहिल्यांदा वाढवता आला २०१६ मध्ये, फ्लोरिडात. तोपर्यंत कोणाच्याही हॉलमधला प्रत्येक निळा टँग हा समुद्रातून उचललेला होता.

क्लाउनफिशचं त्यातल्या त्यात बरं आहे, ते सहज पैदा होतात. माझे पैदास केलेलेच होते आणि प्रवाळही दुसऱ्या हौशी लोकांच्या टाकीत वाढलेल्या तुकड्यांचे. तिथे ही देवाणघेवाण चालते आणि कुठला तुकडा कोणाच्या टाकीतला हे विचारता येतं. मी त्यावर समाधान मानलं होतं. इकडे ते समाधानही नाही.

कारण इकडे कायदा आहे. दगडी प्रवाळ, म्हणजे खडक बांधणारे सगळे प्रवाळ, २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आले. वाघ आहे त्याच यादीत. गुन्ह्याला तीन ते सात वर्षांपर्यंत कैद. माझा मित्र म्हणाला, "अरे, दुकानात मिळतात की!" मिळत असतील. बंदी असलेल्या बऱ्याच गोष्टी मिळतात. मुंबईत कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजीअलीच्या किनाऱ्यावर प्रवाळांच्या १८ वसाहती सापडल्या, तेव्हा त्या हलवायला वन खात्याची परवानगी लागली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली त्या दुसरीकडे नेल्या. एवढ्या मोठ्या प्रकल्पाला १८ वसाहतींसाठी परवानगी घ्यावी लागते आणि आपण बैठकीच्या शोभेसाठी दुकानातून पिशवीत घालून आणायचे?

"मग मऊ प्रवाळ घेतो," हा त्याचा पुढचा डाव. त्यालाही माझा प्रश्न तोच. कुठल्या खडकावरून खरवडून आलाय, हे दुकानदार सांगणार आहे का? नसेल सांगणार तर घेऊ नकोस.

काही जण म्हणतील, घरात टँक असला की मुलांना समुद्राबद्दल प्रेम वाटतं. पटतं मला. लहानपणी तारापोरवाला मत्स्यालयाच्या काचेला नाक लावून मीही उभा राहिलोय, आणि न्यू जर्सीचा टँक त्याच नादातून आला. पण प्रेम वाटायला प्रत्येकाच्या घरी समुद्राचा तुकडा लागत नाही. खाऱ्या पाण्याचीच हौस असेल तर प्रवाळांशिवाय, पैदास केलेल्या क्लाउनफिशची एक जोडी ठेव. आपल्याकडेही हे काम झालंय. ऐरोलीला मँग्रोव्ह फाउंडेशन आणि एनबीएफजीआर यांनी शोभेच्या सागरी माशांची हॅचरी उभारली. टाकी शंभर लिटरच्या वर घे, महिनाभर रिकामी चालव आणि रोज दहा मिनिटं नुसतं बघायची तयारी ठेव. आलेखाकडे नाही, टाकीकडे. तेवढं जमणार नसेल तर गोड्या पाण्यात झाडं लाव, गप्पी सोड. त्यात कमीपणा काही नाही.

आणि प्रवाळ बघायचेच असतील तर मालवणला जा. परत आल्यावर मी गेलो होतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. खरं सांगायचं तर पहिल्या पाच मिनिटांत माझी निराशा झाली. पाणी गढूळ आणि प्रवाळ तपकिरी-पिवळट. निळ्या दिव्याखालची जांभळी झगमग कुठेच नाही. मग डोळे सरावले. दगडावर पसरट वाटीसारखा एक प्रवाळ होता, त्याच्या कडेखालून एक इवलासा मासा बाहेर यायचा, मला बघून आत जायचा, पुन्हा बाहेर यायचा. शेजारी एक पर्यटक दुसऱ्या प्रवाळावर पाय रोवून फोटो काढत होता. त्याला खुणेने बाजूला केलं. एवढीच माझी त्या दिवशीची सेवा.

एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की जगभरच्या प्रवाळांच्या विरंजनाची चौथी लाट सुरू आहे. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दोन अंशांनी तापून तसंच राहिलं की प्रवाळ आतलं शेवाळ टाकून देतात आणि पांढरे पडतात. ही बातमी वाचताना मला माझा तो अर्ध्या अंशाचा मेसेज आठवला. माझ्या ३२ लिटरसाठी मी फोन उशाशी घेऊन झोपायचो.

येताना उरलेला मासा आणि प्रवाळ तिथल्या एका जुन्या हौशी काकांना देऊन आलो. त्यांचा टँक सातशे लिटरचा, पंधरा वर्षांचा. त्यांनी मासा हातात घ्यायच्या आधी विचारलं, "याची जोडी कुठेय?" मी म्हटलं, "होती." त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

मित्राला हा लेख पाठवतोय. बघू, सोमवारी लंचला काय म्हणतो ते.