मुलाखतीतील एक प्रश्न

औषधकंपनीत विश्लेषण-शास्त्रज्ञाच्या मुलाखतीस निघालेल्या आपल्या मुलामुलींना पाठांतराची धास्ती फार. वेगवर्धित स्थिरता-चाचणी म्हणजे ४० अंश सेल्सिअस, ७५ टक्के आर्द्रता, ६ महिने. हे विचारले जाते, पण निवड ठरते ती बहुधा दुसऱ्याच प्रश्नावर. "गोळीतील औषध ९५ ते १०५ टक्के असावयास हवे, एचपीएलसीवर ९३ आले. काय कराल?"

"पुन्हा तपासेन," असे उत्तर चटकन येते आणि समोरचे परीक्षक सावध होतात. चूक न शोधताच अनुकूल आकडा येईपर्यंत तपासत राहण्याची रीत १९९३ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने बार लॅबोरेटरीजच्या खटल्यात अमान्य केली. म्हणून द्रावण जपून ठेवावे, वरिष्ठांस तत्काळ कळवावे, वजन, विरलन, यंत्र व गणित पडताळावे. प्रयोगशाळेतील चूक पुराव्यानिशी आढळली तरच ९३ बाद. नोंदीतून मात्र तो आकडा तेव्हाही खोडावयाचा नाही. ती गोळी कोणाच्या तरी आजीच्या डबीत जाणार असते.

"आणि बॅच आजच रवाना व्हायची असेल तर?" हा उपप्रश्न ठरलेलाच. त्याचे उत्तर देऊन उमेदवारानेही नम्रपणे विचारावे, "आपल्याकडे बॅच थांबविण्याचा अधिकार कोणाला?" उत्तर यावयास किती वेळ लागतो, तेही पाहावे.