दारू सोडली, आता संध्याकाळी बसायचं कुठं?

वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ ला लागली अन् २०२१ ला उठली. बंदी पाहिजे की नको, यावर आपण चौकात तासन्‌तास भांडतो. पण ज्यानं दारू सोडली, तो माणूस संध्याकाळी जाईल कुठं, हे कोणीच विचारत नाही.

सोडणाऱ्याला विचारून पाहा. दिवस कामात निघून जातो. जीव कासावीस होतो तो दिवेलागणीला. जुने दोस्त त्याच वेळी बोलावतात. घरी बसावं, तर सगळे तोंडाचा वास घेतात.

याचं एक उत्तर आपल्याच मातीत आहे. गाडगेबाबांनी कीर्तनातून दारूवर कोरडे ओढले. तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर भजनं म्हटली अन् गावोगाव सामुदायिक प्रार्थना रुजवली. अजूनही कित्येक गावांत ती संध्याकाळी होते. म्हणजे नेमकी तीच वेळ!

सोबत गाण्यात चमत्कार काही नाही. तासभर हातात टाळ, तोंडात शब्द, श्वास चार जणांच्या लयीत. डोक्यात दुसरं शिरायला जागा कमी. अन् सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे एक दिवस नाही गेलं तर कोणीतरी विचारतं, "काय भाऊ, काल दिसला नाहीस?" मोबाइलवर एकट्यानं भजन ऐकलं तर हे विचारणारं कोणी नसतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. भजन म्हणजे उपचार नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम दारू बंद केली तर हातपाय थरथरतात, झटके येतात, भ्रम होतो. जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर. १४४४६ ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे. गाणं त्यानंतरच्या लांब रस्त्यासाठी.

आता आपल्या मंडळांबद्दल. दारू सोडलेला माणूस भजनात येऊन बसला की मागून कुजबुज सुरू होते, "काल नालीत पडला होता, आज टाळ कुटतो." मधेच एकदा घसरला की त्याला कायमचं बाहेर काढतात. अरे, घसरणं हा त्या आजाराचाच भाग आहे. पडलेल्यालाच हाताची गरज असते ना?

ग्रामपंचायतींना माझी साधी मागणी आहे. कुलूप लावून ठेवलेलं समाजमंदिर रोज सात ते साडेआठ उघडा. ढोलकी, टाळ, खंजिरी ठेवा. माळेची अट नको, जात-धर्म नको. कोणी अभंग म्हणेल, कोणी भीमगीत, कोणी कव्वाली, कोणी जुनं सिनेमातलं गाणं. त्याची बायको-पोरं आली तर त्यांनाही जागा द्या, त्यांनीही खूप सोसलंय. अन् कालचं कोणी काढायचं नाही.

डीजेला वर्गणी देतोच की आपण. एक ढोलकी काही महाग नाही.

तुमच्या गावातलं समाजमंदिर संध्याकाळी उघडं असतं का? सांगा.